सळ्यांची गाडी, अंड्यांची चाल

९ ऑगस्ट

आणि वर म्हणतेस, ड्रायव्हर म्हणजे खाटीकच! ताई, हे बोलून तू फोन आपटलास, म्हणून कागदावर लिहितोय. आता कागद आपटून बघ, आवाज होतो का.

आपली भुरी गाय ट्रकखाली गेली त्याचं मला वाईट वाटलं नाही असं समजतेस? ती जन्मली तेव्हा तिला पुसून कोरडं कुणी केलं होतं? तू तर लांब उभी राहून नाक धरलं होतंस. पण त्या ड्रायव्हरला तू ज्या शिव्या घातल्यास त्या सगळ्या मला लागल्या. हात झडोत म्हणालीस. असलेच हात मला पण आहेत, त्यांनीच तुमचं घर चालतं. म्हणे जरा बाजूला घेता येत नव्हती का गाडी! गाडी म्हणजे काय पोर आहे, या कडेवरून त्या कडेवर घ्यायला?

उस्तादांनी मला शिकवायला घेतलं तेव्हा किल्ली द्यायच्या आधी हे सांगितलं. जनावर आडवं आलं तर हॉर्न लांबून द्यायचा, जवळ जाऊन नाही, जवळून दिला की ते बिचकतं आणि नको तिकडे पळतं. ब्रेक सरळ दाबायचा. आणि चाक धरून ठेवायचं, फिरवायचं नाही. जनावर गेलं तर एक जीव गेला. गाडी उलटली तर किती गेले ते मोजायला दुसरं कुणीतरी यावं लागतं. मी तोंड वाकडं केलं. उस्ताद म्हणाले, तोंड हवं तेवढं वाकडं कर, चाक नको करू.

आणि मला एक सांग. दिवेलागणीची वेळ, पुढे वळण, गाय रस्त्याच्याच रंगाची. ती तिथे करत काय होती? हवा खायला आली होती?

पत्र अंडीवाल्याबरोबर देतोय. त्याची गाडी आपल्या घरावरून जाते. कधी पोचेल सांगता येत नाही, कारण तो असा चालवतो की मागचं कासव हॉर्न मारेल. आम्ही सगळे त्याला हसतो. उत्तर द्यायचं असलं तर त्याच्याकडेच दे.

तुझा खाटीक भाऊ


२१ ऑगस्ट

भोंग्या,

लहानपणी तू रडायला लागलास की तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचं, म्हणून हे नाव पडलं. आता कागदातूनसुद्धा ऐकू येतंय.

गाय रस्त्यात काय करत होती विचारतोस? घरी येत होती. एवढ्यात विसरलास? चरायची जागा पलीकडे, गोठा अलीकडे आणि मधून तुमचा रस्ता काढला. भुरीची आई याच वाटेने यायची, तिचीही आई याच वाटेने यायची. गाय रस्त्यात आली नाही रे, रस्ता गायीच्या वाटेत आला.

मी तिच्या मागेच होते. तिची कालवड रेंगाळत होती, तिला हाकत होते. तुझ्या उस्तादांचं सगळं वाचलं. हॉर्न लांबून, ब्रेक सरळ. छान आहे. त्या माणसाने हॉर्न दिला नाही, लांबून नाही आणि जवळूनही नाही. ब्रेक दाबला नाही, सरळ नाही आणि वाकडाही नाही. भुरी पडल्यावर त्याच्या मागचा लाल दिवा एकदा लागला. मला वाटलं, थांबतोय. दिवा विझला आणि गाडी पळाली.

भुरी लगेच गेली नाही, हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. तिचं मागचं अंग गेलं होतं, पण मान वर होती. कालवड कुठे आहे ते बघत होती. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसले. मागून आणखी ट्रक येत होते. तुझे भाऊबंद. हॉर्न देत होते, मला. बाजूला हो म्हणून.

आता मी दूध घालत नाही. शिवणाच्या दुकानात काजं करते आणि बटणं लावते. आईला सांगितलंय की मला गायींचा कंटाळाच आला होता. कालवडीला दूध यायला अजून दोन वर्षं तरी जातील.

तुला एकच विचारते. उस्तादांचं नको, तुझं सांग, एका ओळीत. त्या दिवशी ती गाडी तुझ्या हातात असती आणि समोर भुरी असती, तर तू चाक वळवलं असतंस की नाही?

ताई


४ सप्टेंबर

नाही. वळवलं नसतं. घे, एका ओळीत.

आता पुढच्या ओळी पण वाच, एवढी शिकलेली आहेस तर. माझ्या गाडीत काय असतं तुला माहीत आहे? तुला मी सामान एवढंच सांगितलंय. सळ्या असतात, ताई. बांधकामाच्या, लोखंडी, गाडीच्या लांबीच्या. त्या माझ्या पाठीमागे झोपलेल्या असतात आणि त्यांची टोकं माझ्या पाठीकडे असतात. ब्रेक कचकन दाबला तर गाडी थांबते, सळ्या थांबत नाहीत. केबिनचा पत्रा फोडून त्या पुढे येतात. मध्ये कोण बसलेला असतो सांग बघू? आणि चाक झटक्यात वळवलं तर त्या एका अंगाला सरकतात आणि गाडी त्यांच्या मागे जाते, नवऱ्यामागे वरात जावी तशी. म्हणून आम्ही वळवत नाही. खाटीक आहोत म्हणून नाही. हे आईला सांगू नकोस.

थांबायला हवं होतं त्याने. ते खरं. पण तू आमच्या मालकाला ऐकलं नाहीस. जनावर लागलं तर थांबू नका म्हणतो, माणसं जमतात, गाडी अडकवतात. आमचा पगार फेरीवर आहे. थांबला त्याची फेरी बुडाली. फेरी बुडाली की मुकादम असा बघतो, जसं काही आपण त्याच्या ताटातलं उचललं. शिव्या द्यायच्याच असतील तर तिकडे दे ना! पण ते तुला दिसत नाहीत. तुला दिसतो तो काचेमागचा.

आणि गायींचा कंटाळा आला होता म्हणे. कुणाला सांगतेस? तू भुरीशी जेवढं बोललीस तेवढं माझ्याशी बोलली नाहीस.

मी महिन्याला चार फेऱ्या मारायचो, आता सहा मारतोय. झोप गेली खड्ड्यात. हिवाळा संपायच्या आत तुझ्या गोठ्यात दुभती गाय उभी करतो की नाही बघ. मग त्या काजाबटणांच्या दुकानाला लाव कुलूप. सोबत अंडीवाल्याकडे साडेसहा हजार दिलेत. मोजून घे. तो माणूस गरीब आहे, पण मोजून घे.


१८ सप्टेंबर

उत्तर कळलं.

पैसे आईने डब्यात ठेवले आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही.

सळ्यांचं आईला सांगितलं नाही. मलाही सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं.

कालवड आता रस्ता ओलांडत नाही. कडेपर्यंत येते, पाय रोवते आणि उभी राहते. ओढलं तर बसकण मारते. मी एकटीच पलीकडे जाते आणि गवत कापून आणते.

ताई


५ नोव्हेंबर

वळवलं. झालं समाधान?

गाढव होतं. गाय पण नाही, गाढव! भर दुपारी, विटांच्या भट्टीजवळ. रस्त्याच्या मधोमध कान पाडून उभं, जसं काही त्याच्या बापाने बांधलाय रस्ता. माझी सहावी फेरी होती, उशीर झालेला, मी जोरात होतो. लांबून हॉर्न दिला. ते हललं नाही. ब्रेकवर पाय ठेवला, पण मागे काय झोपलंय ते आठवलं, म्हणून दाबला अर्धाच. उस्ताद म्हणायचे, अगदी गळ्याशीच आलं तर शेपटीकडून काढ, कारण जनावर पळालं तर पुढे पळतं. मी शेपटीकडून काढली. आणि तेव्हा मला उस्तादांचं उरलेलं अर्धं आठवलं. एका जनावरामागे दुसरं असतंच.

पिल्लू होतं. गाढविणीच्या मागून बाहेर आलं. पाय सगळे गुडघेच, आपली कालवड पहिल्या दिवशी होती तसे. मी चाक धरून ठेवणार होतो. शपथ सांगतो, धरून ठेवणार होतो. हातांनी ऐकलं नाही.

गाडी शेतात शिरली आणि कलली. मी दार उघडून खाली आलो तर गाढवीण माझ्याकडे बघतेय आणि पिल्लू तिच्याखाली घुसून दूध पितंय! इथे माझी गाडी आडवी आणि त्यांचं जेवण चाललंय!

भट्टीवरून गाढवांचा मालक धावत आला. आधी गाढवीण चाचपली, मग पिल्लू, मग मला विचारलं, लागलं का. मी त्याला जे काही बोललो ते इथे लिहिता येत नाही. तुझ्यासाठी साठवलेलं सगळं त्याला दिलं. गाढवं मोकळी का सोडतोस, रस्ता काय तुझं अंगण आहे का, सगळं. तो खाली बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, भट्टी आधीपासून आहे, भाऊ. ताई, मला एवढा राग आला! तुझ्याकडून शिकून आल्यासारखा बोलला.

मला काही झालं नाही. गाडीला थोडं लागलंय, ती दुरुस्तीला आहे, म्हणून या वेळी पैसे नाहीत. आता तरी डब्यातल्या पैशांना हात लाव. तुझ्या म्हणण्यासारखं झालं ना सगळं?


१९ नोव्हेंबर

अरे गाढवा! एका गाढवाला वाचवायला दुसरं गाढव शेतात शिरलं, म्हणून आता मी टाळ्या वाजवू?

तुझं अक्षर म्हणजे मुळात कोंबडीचे पाय. या वेळची कोंबडी लंगडी होती. पत्र उघडलं आणि वाचायच्या आधीच मी दाराकडे धावले. अंडीवाला निघाला होता. त्याला परत बोलावला, ओट्यावर बसवला, चहा दिला आणि विचारलं. तो चहा संपवून उठायला लागला. म्हटलं, खरं सांगितल्याशिवाय उठायचं नाही, गाडीत अंडी उबून पिल्लं निघाली तरी चालतील. मग बोलला.

सळी केबिन फोडून आली. तुझा उजवा खांदा फाडून गेली. कानाच्या इतकी जवळून, की अंडीवाल्याने बोटांनी अंतर दाखवलं आणि मला ती बोटं बघवेनात. तू दवाखान्यात होतास. तिथून डाव्या हाताने लिहिलंस, मला काही झालं नाही. वर लिहिलंस, तुझ्या म्हणण्यासारखं झालं!

कुणी सांगितलं होतं तुला चाक वळवायला? हो, मी. मी सांगितलं म्हणून करायचं? आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीस. शाळेत जा म्हटलं तर झाडावर जाऊन बसलास. घरात राहा म्हटलं तर गाडीवर गेलास. सगळं सोडून ऐकायचं ते हे ऐकलंस? भुरीचं डोकं मांडीवर घ्यायला मी होते. तुझं कुणी घेतलं असतं तिथे? त्या गाढविणीने?

ऐक. चाक सरळ ठेव. कुणीही येऊ दे समोर, माझी कालवड आली तरी. हे लिहिलं आणि पेन थांबलं, कारण ती दारातच उभी आहे आणि माझ्याकडे बघतेय. बघू दे. लिहिलं ते खोडत नाही.

पण मी अंडीवाल्याला विचारलं, तुमच्या गाडीखाली किती जनावरं गेली? म्हणाला, एक पण नाही. मी म्हटलं, मनाने फार चांगले दिसता. तो म्हणाला, "मन कसलं बाई, अंडी! फुटली की पगारातून कापतात. म्हणून रस्त्यावर शेण दिसलं की मी गिअर उतरवतो. शेण आहे म्हणजे शेपूट जवळपास आहे. मग ब्रेक जोरात दाबायची वेळच येत नाही."

तुझ्या उस्तादांनी सगळं शिकवलं, हे नाही शिकवलं? की शिकवलं होतं आणि सहा फेऱ्यांत बसत नव्हतं? तो माणूस अंडी फुटू नयेत म्हणून हळू चालवतो. तुझ्या पाठीला लोखंड टेकलंय आणि तुला हळू चालवायला कमीपणा वाटतो? डोकं काय अंड्याहून स्वस्त आहे तुझं? कदाचित असेलही.

सहा फेऱ्या माझ्या गायीसाठी, असं तू म्हणशील. मला गाय नको. ऐकलंस? पुन्हा गाडीवर चढशीलच, तुला ओळखते मी. चार मार. तीन मार. डब्यातले पैसे मी आज काढले, औषधाला लागतील म्हणून याच अंडीवाल्याकडे परत देतेय. घेतले नाहीस तर मी स्वतः येईन, आणि मी आले तर काय होईल ते तुला माहीत आहे.

आईला काही सांगितलं नाही. तिने तुझ्या अक्षराचा कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, याने डाव्या हाताने का लिहिलं?

ताई


१४ डिसेंबर

चार मार, तीन मार! तुझ्या तोंडून सोपं वाटतं. मुकादमाच्या समोर उभी राहून म्हणून दाखव.

कोंबडी दोन्ही पायांवर आहे, बघून घे. खांदा वर जात नाही अजून, पण चाकाला वर कशाला जायचंय. आईला सांग, डास मारताना हात लागला. नको, काहीच सांगू नकोस, ती ओळखते. पैसे परत पाठवलेस त्याचा राग वेगळा आहे, तो भेटल्यावर.

अंडीवाल्याशी मी दोन दिवस बोललो नाही. चहासाठी माणूस एवढं ओकतो? मग तिसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीत बसून एक फेरी केली, नुसता बघायला. ताई, डोक्याला ताप आहे तो माणूस! शेण दिसलं, गिअर उतरव. कुंपणाला भोक दिसलं, गिअर उतरव. एक शेळी कडेला दिसली तर तिच्या अख्ख्या खानदानाची वाट बघतो. मला रस्त्यात उतरून चालत जावंसं वाटलं. पण त्या अख्ख्या वाटेत त्याने एकदाही ब्रेक कचकन दाबला नाही. मी मोजत होतो, त्याला पकडायला. पकडता आला नाही.

मागच्या आठवड्यात गाडी हातात आली. पहिल्याच फेरीला एका वळणाआधी शेण दिसलं. ओलं. तुझ्या नावाने बोटं मोडली आणि गिअर उतरवला. वळणाच्या पुढे गायी, रस्ताभर. चाक सरळ, पाय हळू, गाडी आपोआप थांबली. सळ्यांनी हूं की चूं केलं नाही. मागे गाड्यांची रांग लागली आणि सगळ्यांनी हॉर्न धरला. एक बाई शेवटच्या वासराला हाकत होती आणि हे लोक तिला हॉर्न देत होते. मग मात्र माझं डोकं फिरलं. इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, खाली उतरलो आणि मागच्याला जाऊन विचारलं, "तुझ्या घरात म्हातारी माणसं चालतात तेव्हा पण मागून असाच भोंगा वाजवतोस का?" तो म्हणाला, "तू कोण मोठा गुराखी?" मी म्हटलं, "हो, आहे. आणि वासरू जाईपर्यंत गाडी हलणार नाही, बोल." चार जण उतरले. मारामारी व्हायची, पण माझ्या खांद्यावरची जाड पट्टी बघून त्यांनीच माघार घेतली. वासरू गेलं. आणि त्या बाईने काय करावं? साधं वळून पण बघितलं नाही! मी तिच्यासाठी जगाशी भांडतोय आणि ती निघून गेली. तू पण अशीच असशील. खात्री आहे माझी.

गोदामात पोचलो तर मुकादम घड्याळ दाखवत उभा. म्हणाला, "सळ्या आणल्यास की अंडी?" सगळे खो खो हसले. तेव्हापासून मला धाकटा अंडीवाला म्हणतात. तुझ्यामुळे. भोंग्या काय कमी होतं? महिन्याला चारच फेऱ्या करेन म्हटल्यावर मुकादम म्हणाला, गाडी दुसऱ्याला देईन. म्हटलं, द्या, सळ्यांपुढे पाठ पण त्याचीच द्या. अजून दिलेली नाही. पुढचं सांगता येत नाही. मालकाला भेटून मी सांगणार आहे की केबिनच्या मागे जाड पत्रा ठोकून द्या, नाहीतर मी जाईन तिथे तुमच्या नावाने शंख करेन. बघू काय म्हणतो. काय म्हणणार, मला माहीत आहे, तरी सांगणार.

तर आता गाय हिवाळा संपायच्या आत येत नाही. पुढच्या हिवाळ्यात पण सांगता येत नाही. हे तुला कळायला हवं. हळू चालवून गाय येत नसते, फक्त मी येतो. तुला जे हवं होतं ते हे आहे, मग नंतर कुरकुर नको. कालवड दुभती होईपर्यंत काजं करायचीत, बटणं लावायचीत.

कालवडीचं एक कर. पुढच्या वेळी अंडीवाला येईल तेव्हा तो पत्र देऊन लगेच जाणार नाही. मी त्याला बजावलंय. तो गाडी रस्त्यात आडवी लावेल आणि इंजिन बंद करेल. मागचे ओरडले तर ओरडू देत, त्याला सवय आहे. तू कालवडीला गाडीच्या समोरून ने. ओढू नकोस. हवं तेवढं उभं राहू दे, नाक लावून गाडी हुंगू दे. ट्रक थांबतो, हे तिने कधी बघितलेलंच नाही. एकदा बघू दे.

पैसे पाठवतोय. मागे किती होते ते काढून भांडू नकोस, आणि या वेळी परत पाठवलेस तर बघ. हळू चालवायचे एवढेच मिळतात. तीन हजार आठशे.